तिसरी गोळी: 'ऐकत नाहीत' असा शेरा पडलेल्या बसचालकाचं प्रकरण

वय ५१, शहर बससेवेत २२ वर्षं चालक. रक्तदाब सापडून चार वर्षं झाली. आज दवाखान्यात मोजला तर १६८/१०२. तीन गोळ्या चालू आहेत: अ‍ॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅम, टेल्मिसार्टन ८० आणि आठ महिन्यांपूर्वी नव्याने जोडलेली, लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोन १२.५. वजन ८४ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, कंबर १०४. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.२, म्हणजे अजून मधुमेह नाही, पण वाट तिकडेच जाते. दिवसाला आठ-दहा सिगारेटी. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांची तपासणी, ठीक.

केसपेपरवर मागच्या पाच भेटींत एकच मजकूर वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आहे: 'गोळ्या नियमित. मीठ कमी, व्यायाम, धूम्रपान बंद, सल्ला दिला.' शेवटच्या भेटीत त्याखाली दोन शब्द जास्तीचे पडले: 'ऐकत नाहीत.' गोळ्या नियमित घेणारा आणि न ऐकणारा असा एकच माणूस एकाच कागदावर आहे, आणि हे कुणाला खटकलं नाही. चौथ्या औषधासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवायचं पत्रही तयार होतं.

हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. दीर्घ आजारांच्या दवाखान्यांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र गुंफून ते शिकवण्यासाठी बांधलं आहे, आणि या गृहस्थांचे आकडे त्याच हिशोबाने घेतले आहेत. संशोधनातले आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

आधी मोजमाप

तीन औषधं, त्यांतलं एक लघवी वाढवणारं, सगळी पुरेशा मात्रेत, तरी रक्तदाब उतरत नसेल तर त्याला 'दाद न देणारा रक्तदाब' म्हणतात. पण तो शिक्का मारण्याआधी तीन शंका फेडाव्या लागतात: मोजणी चुकली का, दवाखान्यात आल्यावरच वाढतो का, आणि गोळ्या खरोखर पोटात जातात का. इथं तिन्ही राहिल्या होत्या.

गृहस्थ ड्युटी संपवून थेट आले होते. आत बोलावल्याबरोबर शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला गेला, मोजताना प्रश्नोत्तरं चालू होती. दंडाचा घेर ३५ सेंटिमीटर आणि पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटरचा. लहान पट्टा आकडा फुगवतो, मोजताना बोलणं फुगवतं, आणि लघवी तुंबलेली असली तर तीही फुगवते. ही शेवटची गोष्ट सहसा कुणी विचारत नाही. या प्रकरणात तर सगळी गाठ तिथंच होती, पण ते कळायला अजून दोन पायऱ्या होत्या.

स्वच्छतागृहात जाऊन यायला सांगितलं. मग पाच मिनिटं गप्प बसवलं: पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर, मोठा पट्टा. एक मिनिटाच्या अंतराने दोन मोजण्या घेतल्या, १५८/९६ आणि १५६/९६. वरचे दहा अंक मोजणीनेच घातले होते. घरी सात दिवस, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन असं मोजायला यंत्र दिलं. पहिला दिवस सोडून उरलेल्या २४ मोजण्यांची सरासरी १५२/९४ आली. घरच्या मोजणीत १३५/८५ ची रेघ धरतात. म्हणजे रक्तदाब खराच वाढलेला होता, कागदावर दिसत होता तेवढा नव्हता इतकंच.

पाकिटांचा हिशोब

दुसरी पायरी औषधांच्या खिडकीवरची. गेल्या १८० दिवसांत कुठल्या गोळीची तीस-तीसची किती पाकिटं नेली, एवढंच नोंदवहीतून काढलं. अ‍ॅम्लोडिपिन पाच पाकिटं, म्हणजे १५० दिवसांची. टेल्मिसार्टन चार, १२० दिवसांची. क्लोरथॅलिडोन दोन, ६० दिवसांची. टक्क्यांत मांडलं तर ८३, ६७ आणि ३३. दीर्घ आजारात ८० टक्के दिवस भरले तर गोळ्या नियमित मानायचा प्रघात आहे. नेलेली गोळी गिळलीच असेल असं नाही, पण न नेलेली नक्कीच गिळलेली नाही. त्यामुळे हा आकडा वरची मर्यादा दाखवतो.

खरी माहिती टक्क्यांतल्या फरकात आहे. विसराळू माणूस सगळ्या गोळ्या सारख्याच विसरतो, कारण त्या एकाच डब्यात असतात. इथं तिन्हींचे आकडे तीन तऱ्हेचे. हा माणूस विसरत नव्हता, निवडत होता. त्यात त्यांचं रोस्टर चार दिवस ड्युटी आणि दोन दिवस सुट्टी असं. १८० दिवसांत सुट्ट्या ६०. तिसऱ्या गोळ्याही ६०.

'घेताय ना?'

मग इतक्या भेटींत हे बोलण्यातून का निघालं नाही? विचारलेला प्रश्न असा होता: "गोळ्या वेळेवर घेताय ना?" मराठीतला हा शेवटचा 'ना' उत्तर सोबत घेऊनच येतो. 'हो' म्हटलं की विषय संपतो. 'नाही' म्हटलं तर पुढं बोलणी, आणि बाहेर वीस माणसं खोळंबलेली. शिवाय समोरचा माणूस मोठा, शिकलेला, घाईतला. अशा वेळी "घेतो की" हे उत्तर खोटेपणाचं नसतं, सभ्यतेचं असतं. विचारणाऱ्यालाही तेच हवं असतं, हे दोघांनाही ठाऊक असतं.

डॉक्टर-रुग्ण संवादावर झालेल्या कामात याचे ठसे जागोजागी सापडतात. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटींच्या ध्वनिफिती तपासल्या. रुग्ण आपली तक्रार सांगू लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर बोलणं वळवत होते. उलट दिशेचं चित्रही तेवढंच बोलकं आहे. केसेल्स यांनी २००३ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार सांगितलेल्या वैद्यकीय माहितीपैकी ४० ते ८० टक्के रुग्ण लगेच विसरतो, आणि जे लक्षात राहिलंसं वाटतं त्यातलं जवळजवळ निम्मं चुकीचं असतं.

पाकिटांचा हिशोब हाती आल्यावर सिस्टरांनी वेगळी वेळ दिली, वीस मिनिटांची. टेबलावर तीन रिकामी पाकिटं ठेवली, म्हणजे नाव आठवायची अडचण नको.

"तीन-तीन गोळ्या रोज म्हणजे कटकटच असते, बऱ्याच जणांच्या राहतात. गेल्या सात दिवसांत यातली कुठली किती वेळा राहिली?"

"ही पहिली नाही राहिली. ही दुसरी दोनदा."

"आणि ही?"

"ती गाडीवर असताना नाही जमत."

"नाही जमत म्हणजे?"

"सिस्टर, पहाटे पाचची पहिली फेरी. दीड तास उतरता येत नाही. मध्येच लागली तर भरलेली गाडी कुठं उभी करू?"

चार वर्षांत पहिल्यांदा खरं उत्तर आलं, ते 'किती वेळा राहिली' या प्रश्नाला. यात राहणं गृहीत धरलेलं आहे, दोष दिलेला नाही, मुदत सात दिवसांची आहे आणि उत्तर आकड्यात द्यायचं आहे. 'कधी चुकते का' असं विचारलं असतं तर पुन्हा 'नाही हो' आलं असतं.

टर्मिनसवरचं कुलूप

एका बाजूची फेरी ९५ मिनिटांची. या टोकाला डेपो, तिथं स्वच्छतागृह आहे. दुसऱ्या टोकाला दहा मिनिटांचा थांबा. तिथंही स्वच्छतागृह आहे, पण किल्ली वाहतूक नियंत्रकाच्या कार्यालयात, आणि ते उघडतं दहाला. पहाटे पाच ते दहा या वेळात चालक तीन तासांहून जास्त अडकलेला. म्हणून ड्युटीच्या दिवशी हे गृहस्थ तिसरी गोळी टाळत आणि पाणीही दुपारपर्यंत जवळजवळ पीत नसत. गणित अगदी चोख होतं: गोळी न घेण्याचा तोटा कधीतरी पुढं, घेण्याचा तोटा आज सात वाजता, चाळीस प्रवाशांसमोर.

इथं औषधाचा एक बारकावा कुणी सांगितला नव्हता. क्लोरथॅलिडोनने लघवी वाढते ती मुख्यतः सुरुवातीचे काही दिवस ते आठवडा-दोन आठवडे. रोज घेत राहिलं की शरीर नव्या तोलावर येतं. रक्तदाब उतरलेला राहतो आणि स्वच्छतागृहाच्या फेऱ्या बऱ्याच कमी होतात. पण चार दिवस बंद, दोन दिवस चालू असं केलं की तो सुरुवातीचा त्रास दर वेळी नव्याने भोगावा लागतो. म्हणजे गोळी सोडल्यामुळेच ती त्रासदायक ठरत होती, आणि त्रासदायक आहे म्हणून सोडली जात होती. 'पहिले दहा दिवस जास्त जावं लागेल, मग कमी होईल, सुरुवात सुट्टी किंवा रजा बघून करा' हे सांगायला पंधरा सेकंद पुरतात.

सुजलेले पाय

दुसऱ्या गोळीचं प्रकरण निराळं. दोन वर्षांपूर्वी एकाच दिवशी दोन बदल झाले: अ‍ॅम्लोडिपिन ५ वरून १० आणि टेल्मिसार्टन नवीन. तीन आठवड्यांनी घोट्यांवर सूज आली. आता कुणीही नव्या गोळीलाच दोष देणार. त्यात चालकांच्या विश्रामखोलीत एक गोष्ट पक्की बसलेली: एका सहकाऱ्याचा भाऊ रक्तदाबाच्या गोळ्या खात होता, त्याचे पाय सुजले, मूत्रपिंडं गेली, शेवटी डायलिसिस. म्हणजे गोळ्यांनी मूत्रपिंडं जातात. पाय सुजले की हे गृहस्थ टेल्मिसार्टन दोन-तीन दिवस बंद ठेवत.

वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. सूज अ‍ॅम्लोडिपिनच्या वाढलेल्या मात्रेची. ते औषध बारीक धमन्या सैल करतं पण शिरा त्या प्रमाणात सैल होत नाहीत, म्हणून पाणी घोट्याशी साचतं, आणि आठ तास बसून गाडी चालवणाऱ्याला अधिकच. टेल्मिसार्टनच्या गटातली औषधं ही सूज कमी करायला मदत करतात. म्हणजे सूज उतरवणारी गोळी बंद होत होती आणि आणणारी चालू राहत होती. डायलिसिसच्या गोष्टीतही कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली होती. वर्षानुवर्षं आटोक्यात नसलेला रक्तदाब मूत्रपिंडं खातो. गोळ्या त्या वाटेवर कधीतरी सुरू झालेल्या असतात, म्हणून दोषी दिसतात.

विश्रामखोलीतल्या गोष्टींना हसण्यात अर्थ नाही. तिथं नाव असलेला, ओळखीचा माणूस आहे. दवाखान्यातल्या सल्ल्यात टक्केवारी आहे. स्पर्धा लागली तर ओळखीचा माणूसच जिंकतो.

एकाच भेटीत दोन औषधांत बदल करणं कधीकधी भाग पडतं. तेव्हा 'यापैकी ह्या गोळीने घोटे सुजू शकतात, सूज आली तर स्वतः काही बंद करू नका, फोन करा' एवढं पाकिटावर लिहून द्यावं. इथं ते झालं नव्हतं.

डोकं जड झालं की

अ‍ॅम्लोडिपिनसुद्धा पूर्ण शंभर टक्के का नव्हती? "डोकं जड नसलं की बीपी ठीकच असतो" असं त्यांचं म्हणणं. ही समजूत जगभर आहे. मेयर, लेव्हेन्थाल आणि गटमन यांनी १९८५ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की रक्तदाबाला सहसा लक्षणं नसतात हे पाठ असूनही, आपला वाढलेला आपल्याला कळतो असं बहुतेकांना वाटतं. हा वाद तोंडी जिंकता येत नाही. घरच्या यंत्राने मात्र आठवड्यात जिंकून दिला: डोकं हलकं असलेल्या सकाळी १५४, आणि जड असलेल्या संध्याकाळी १४६. हे आकडे त्यांनी स्वतः लिहिले होते.

'टेन्शन घेऊ नका' हा सल्लाही इथं आडवा आला. रक्तदाब म्हणजे मनावरचा ताण, ताण गेला की आजार गेला, असा अर्थ त्यातून सरळ निघतो. तसंच 'शुगर बॉर्डरवर आहे'. बॉर्डरवर म्हणजे अजून अलीकडेच आहोत, असं ऐकणारा समजतो. ६.२ या आकड्याबद्दल गृहस्थांना एवढंच आठवत होतं की ते 'नॉर्मल' होतं.

भीती कशाची

क्लाइनमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये रुग्णाला विचारायचे काही साधे प्रश्न सुचवले: या आजाराला तुम्ही काय म्हणता, तो कशाने झाला असं वाटतं, त्यात सगळ्यात जास्त धास्ती कशाची वाटते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दवाखान्याने आधीच ठरवून टाकलं होतं: पक्षाघात. भिंतीवर त्याचंच चित्र. गृहस्थांचं उत्तर होतं, "गाडीवरून उतरवतील."

दरवर्षी नोकरीची फिटनेस तपासणी असते. रक्तदाब जास्त निघाला तर चालकाला तात्पुरतं गाडीवरून काढून डेपोतलं काम देतात, भत्ते जातात. म्हणून तपासणीच्या आधी दहा दिवस तिन्ही गोळ्या काटेकोर, आणि तिसऱ्या गोळीसाठी रजा. सात महिन्यांपूर्वीच्या तपासणीत आकडा आला १३८/८६. मालकाच्या दप्तरी माणूस ठणठणीत, दवाखान्याच्या दप्तरी औषधांना दाद न देणारा. ही दोन दप्तरं एकमेकांना कधी भेटत नाहीत. आणि खरं पाहता त्या दहा दिवसांनी एक गोष्ट सिद्ध करून ठेवली होती: औषधं लागू पडतात. चौथ्या औषधाची गरजच नव्हती.

नुसती भीती घालण्याचा उपयोग किती, यावर एक जुना प्रयोग आहे. १९६५ मध्ये लेव्हेन्थाल, सिंगर आणि जोन्स यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रकं दिली, काही भयानक, काही सौम्य. भयानक पत्रकाने मतं बदलली, लस घ्यायला गेलेल्यांच्या संख्येत फरक पडला नाही. ज्यांना दवाखान्याचा नकाशा, वेळा आणि 'कधी जाल ते ठरवा' एवढं जास्तीचं मिळालं, त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले. बाकीच्यांतले ३ टक्के.

दहा मिनिटांचा थांबा

सिगारेटीचंही मूळ त्या टर्मिनसवरच. थांब्याच्या दहा मिनिटांत चालक गाडीत बसून राहिला तर प्रवासी विचारत राहतात, कुठली गाडी, कधी सुटणार. सिगारेट पेटवून झाडाखाली उभा राहिला तर कुणी हाक मारत नाही. सिगारेट हीच सुट्टीची पावती. तिथं पाच-सहा जणांचं टोळकं, तिथंच बदल्यांच्या बातम्या, तिथंच उसनवारी. 'सिगारेट सोडा' याचा या माणसाच्या कानी पडणारा अर्थ 'टोळकं सोडा' असा होतो.

क्रिस्टाकिस आणि फाउलर यांनी फ्रेमिंगहॅम या अमेरिकी गावात वर्षानुवर्षं चाललेल्या हृदयविकाराच्या अभ्यासातल्या १२,०६७ लोकांची १९७१ ते २००३ मधली नाती तपासून २००८ मध्ये जे मांडलं ते इथं लागू पडतं. जोडीदाराने धूम्रपान सोडलं तर आपण ओढत असण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते, मित्राने सोडलं तर ३६, लहान कचेरीतल्या सहकाऱ्याने सोडलं तर ३४. सोडणारे गटागटाने सोडतात. यातला किती भाग एकमेकांच्या प्रभावाचा आणि किती मुळात सारखे लोक एकत्र येण्याचा, यावर संख्याशास्त्रज्ञांनी नंतर बरीच झोड उठवली, आणि ती रास्त आहे. पण व्यवहारातला धडा त्याने बदलत नाही: टोळक्यातल्या एकट्याला उपदेश करण्यापेक्षा टोळक्याशी बोलावं.

बसचालक आणि हृदयविकार यांचं नातं तसं जुनंच. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या बससेवेतले चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांत हृदयविकार जास्त, दुमजली बसचे जिने चढणाऱ्या वाहकांत कमी. १९५६ मध्ये त्यांनीच गणवेशांची मापं काढली, तर चालकांच्या पँटींचा कंबरघेर आधीपासूनच मोठा निघाला. काम माणसाला घडवतं की तशी माणसंच त्या कामाला जातात, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

काय केलं

औषधं. चौथं औषध घातलं नाही, पत्र फाडलं. अ‍ॅम्लोडिपिन १० वरून ५ केलं आणि टेल्मिसार्टन ८० सोबत एकाच गोळीत दिलं, रात्री झोपताना. एकच गोळी असल्याने दोनांतली एक निवडून गाळायची सोय उरली नाही. क्लोरथॅलिडोन ड्युटी संपल्यावर, दुपारी दोनला, सुट्टीच्या दिवशीही त्याच वेळी. वेळ अशी हलवल्याने बिघडत तर नाही ना? ब्रिटनमधल्या टाइम या चाचणीत २१,००० हून अधिक लोकांत सकाळी आणि संध्याकाळी औषध घेणाऱ्यांची तुलना झाली, २०२२ मध्ये निकाल आला, आणि हृदयविकार-पक्षाघातात फरक दिसला नाही. जी वेळ पाळता येते ती योग्य. सुरुवात दोन सुट्ट्यांना जोडून आठ दिवसांची रजा घेऊन केली. तीन आठवड्यांनी सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासले, कारण क्लोरथॅलिडोन पोटॅशियम आणि सोडियम उतरवू शकतं.

शेवटी "समजलं ना?" विचारलं नाही. तिथंही तोच 'ना' आहे. सिस्टर म्हणाल्या, "मी नीट सांगितलं का ते बघू. घरी गेल्यावर बाईंना काय सांगाल?" पहिल्या सांगण्यात दुपारची गोळी 'जेवणानंतर' झाली, म्हणजे ड्युटी संपायच्या आतच. दुरुस्त केलं, पुन्हा सांगायला लावलं.

टर्मिनस. आधी असं ठरत होतं की दवाखान्याने डेपोला पत्र द्यावं: 'हे आमचे रुग्ण, लघवीचं औषध चालू आहे, सवलत द्यावी.' गृहस्थांनी हात जोडले, आणि बरोबर जोडले. त्या पत्राने किल्ली मिळाली असती आणि गाडी गेली असती. मग कामगार संघटनेमार्फत नाव न घेता मागणी गेली: पहाटेच्या पाळीत दुसऱ्या टोकाचं स्वच्छतागृह उघडं हवं. थांबा वाढवायला डेपोने नकार दिला, वेळापत्रक हलत नाही म्हणून. किल्लीची एक प्रत मात्र पहिल्या गाडीच्या लॉगशीटसोबत द्यायला सुरुवात झाली. महिलांच्या पाळीने ही मागणी आधी दोनदा केली होती, असं तेव्हा समजलं.

मीठ. सल्ला चार वर्षं चुकीच्या माणसाला दिला जात होता. स्वयंपाक करणारी व्यक्ती दवाखान्यात कधी आलीच नव्हती. घरी निरोप पोचायचा तो "मीठ जास्त घालतेस असं डॉक्टर म्हणाले" या रूपात, आणि पुढं जे व्हायचं ते व्हायचं. पत्नीला बोलावलं. त्या आल्या त्याच तक्रारीनिशी: "अहो, पण किती कमी ते कुणी सांगतच नाही." पुड्यावर उघडल्याची तारीख लिहायला सांगितली. पाच माणसांत एक किलो २० दिवसांत संपलं, म्हणजे माणशी रोज १० ग्रॅम. यात वाया जाणारं थोडं आलं आणि बाहेरच्या, पाकीटबंद पदार्थांतलं मुळीच आलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमच्या आतली. एकदम निम्मं केलं की घर बंड करतं. दर दोन आठवड्यांनी दहावा हिस्सा कमी करायचा, तेवढ्याला जीभ सरावते, आणि ताटात वरून मीठ वाढायचं नाही.

पोटॅशियम मिसळलेलं मीठ का दिलं नाही? चीनमधल्या ६०० खेड्यांत २०,९९५ लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये आलेल्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. पण टेल्मिसार्टन पोटॅशियम वाढवतं. दोन्ही एकत्र द्यायचं तर मूत्रपिंडं ठीक असणं आणि रक्त वेळेवर तपासलं जाणं हवं, आणि औषधांची घडी बसत असताना आणखी एक हलता भाग नको होता.

सिगारेट. सिस्टर दोनदा टर्मिनसवर गेल्या, रक्तदाबाचं यंत्र घेऊन. सहापैकी तिघांनी मिळून सोडायचं ठरवलं. उभं राहायची जागा झाडाखालून किल्लीवाल्या इमारतीच्या ओट्यावर आली, टोळकं तेच. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असल्याने ४ मिलिग्रॅमचा निकोटिन गम दिला.

काय फसलं

गम पहिल्या आठवड्यात फसला. तिघांनीही तो साध्या चुइंग गमसारखा चावला, उचक्या लागल्या, मळमळलं, आणि 'सोसत नाही' असं एकमताने ठरलं. तो सावकाश चावायचा, तोंडात झिणझिणलं की गालात दाबून ठेवायचा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचा, अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं कॉफी किंवा आंबट पेय नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. हे पाकिटावर बारीक अक्षरांत असतं. दुसऱ्यांदा दाखवून, समोर चावायला लावून दिला.

मिठात घरच्या आईंचा विरोध झाला, तो दोन महिने टिकला. चालणं तर जमलंच नाही. पहाटे चारला उठणाऱ्या माणसाला 'रोज ४५ मिनिटं चाला' हा सल्ला केसपेपरवर छान दिसतो.

दवाखान्याची स्वतःची चूकही नोंदवायला हवी. वीस मिनिटांची वेळ एकदा दिली, पुढच्या भेटी पुन्हा सात मिनिटांवर आल्या. लॉस एंजेलिसमध्ये ५२ केशकर्तनालयांत कृष्णवर्णीय ग्राहकांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधतज्ज्ञ नियमितपणे दुकानातच भेटत आणि औषध तिथंच बदलत. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. ज्यांना केस कापणाऱ्याने फक्त सल्ला आणि डॉक्टरांकडे जायची आठवण दिली, त्यांचा ९.३ नी. ओळखीच्या माणसाचा शब्द आणि औषध बदलण्याचा अधिकार दोन्ही एकाच खुर्चीपाशी होते. आपल्या प्रकरणात सिस्टर टर्मिनसवर गेल्या, पण मात्रा बदलायचा अधिकार दवाखान्यातच राहिला.

सहा महिन्यांनी

१८० दिवसांत रात्रीच्या गोळीची सहा पाकिटं, दुपारच्या गोळीची पाच. घरची सरासरी १३१/८२. घोट्यांची सूज गेली. पोटॅशियम ४.१. मीठ माणशी सात ग्रॅमच्या आसपास. वजन ८३, म्हणजे जवळजवळ तेवढंच. एचबीएवनसी ६.१, हाही फरक म्हणण्यासारखा नाही. सिगारेटी दिवसाला दोन-तीन. तिघांतल्या एकाने पूर्ण सोडली, एकाची बदली झाली आणि त्याने पुन्हा सुरू केली.

केसपेपरवरचा 'गोळ्या नियमित' हा छापील रकाना काढला. त्या जागी आता 'गेल्या सात दिवसांत राहिलेल्या गोळ्या' असं आहे, प्रत्येक गोळीला वेगळा चौकोन. पहिल्या महिन्यात बरेच चौकोन कोरे राहिले, कारण गर्दीत भरणारे जुन्या सवयीने 'नियमित' लिहून पुढं जात. सिस्टर आता रिकाम्या पाकिटांशिवाय केसपेपर आत पाठवत नाहीत.

फिटनेस तपासणी गेल्या महिन्यात झाली. या वेळी रजा टाकली नाही. आकडा आला १३२/८४. त्या अर्जावर 'सध्या कोणतं औषध चालू आहे का' असा रकाना आहे. गृहस्थांनी तो कोराच ठेवला.